वीणेतल्या बिया

प्राचीन ग्रीस देशात, समुद्रकाठच्या एका नगरात, एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या लाडक्या शिष्याच्या घरी जेवायला गेले. शिष्याचे वडील वाद्ये घडवीत असत. धाकट्या लेकीच्या लग्नात वाजावी म्हणून त्यांनी कासवाच्या कवचाची एक वीणा करायला घेतली होती. कवचावर कातडे ताणायचे आणि तारा चढवायच्या, एवढेच राहिले होते; तोच ते तापाने गेले.

शिष्याने ती अर्धवट वीणा फडताळात ठेवून दिली. "बाबांच्या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये," असे त्याने घरात बजावले. लग्न तोंडावर आले, तरी बहिणीला वीणा मागण्याचा धीर होईना.

जेवण झाले. आचार्यांनी सरळ फडताळातली वीणा काढली, मांडीवर घेतली आणि ऑलिव्ह खात खात तिच्या पोकळ कवचात बिया टाकू लागले. खाण्याच्या बाबतीत त्यांना संकोच असा कधी नव्हताच.

शिष्य ताडकन उठला. "आचार्य, हे काय करता? ती वाटी आहे का?"

"मग काय आहे?"

"वीणा आहे!"

"असं? मला तर कासवाचं कवच दिसतंय आणि वर दोन लाकडं. वाटी म्हणून मात्र झकास आहे हो."

"बाबांनी केलीय ती! धाकटीच्या लग्नात... वाजवायला."

आचार्यांनी बिया काढल्या आणि अंगावरच्या वस्त्राने कवच हळुवार पुसले.

"बाळ, ही वस्तू कशाची झाली, तिचा आकार कोणता, ती कोणी घडवली, ही तिन्ही कारणं तू प्राणपणानं जपलीस. चौथं विसरलास. ती कशासाठी? बाबांचा हात चालत होता तो त्याच कारणासाठी. ताप बाबांना घेऊन गेला. ते कारण नाही नेलं त्यानं. ते बघ, दाराआड उभं आहे. मघापासून डोळे पुसतंय."

शिष्याने वळून पाहिले. बहीण चटकन मागे सरली. तो वीणा घेऊन तिच्यापाशी गेला. मग म्हणाला, "कातडं भिजत घालावं लागेल. ये, एक बाजू तू धर."

लग्नात ती वीणा वाजली. एक तार जराशी बेसूर लागत होती, कारण ती शिष्याने चढवली होती. धाकटीला सगळ्यांत तीच आवडली.