देसाईंची दवंडी

"अजून किती कडक करू, आई?"

भिवराव देसायांनी पायातले जोडेसुद्धा न काढता मठाच्या गोठ्याच्या दारातूनच विचारलं. याच मठात लहानाचा मोठा झालेला माणूस, पण आता खोऱ्याचा धनी ना! जोडे काढायचं भान कुठून राहणार?

मथुआई बैरागीण शेण भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय कडक करतोस, भिवा?"

"माझा हुकूम! पटकीनं निम्मं खोरं ओस पाडलं. म्हटलं, पाळणे भरले पाहिजेत. म्हणून दवंडी पिटवली. गर्भ पाडायचा नाही. पाडील तिला कैद, औषध देईल त्या सुइणीला हद्दपारी. आणि जिचा गर्भ गेला, तिची चावडीवर चौकशी."

"मग? भरले पाळणे?"

"उलट कमी झाले," भिवराव चरफडत म्हणाले. "दिवस गेले की बाया नदीपलीकडे मामाकडे, मावशीकडे निघून जातात. मागोमाग नवराही जातो. नव्या सुना तर भीतीनं दिवसच राहू देत नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! म्हणून आता नदीच्या उतारावर पहारा बसवतो. गर्भार बाईनं हद्द ओलांडायचीच नाही. बसवू ना?"

"ते बघू," मथुआई म्हणाली. "आधी तेवढं ढवळीचं दूध काढ."

भिवरावांना राग आला. पण गुरूला नाही म्हणायची अजून छाती नव्हती. चरवी घेऊन ते गाईखाली बसले. ढवळीनं नवखा हात ओळखला आणि अशी लाथ झाडली की चरवी एकीकडे आणि धनी एकीकडे.

"अस्सं!" भिवराव उठले, खुंटीवरची दोरी काढली आणि गाईचे मागचे पाय बांधून टाकले.

आता लाथ बंद झाली. पण दुधाचा थेंब येईल तर शपथ!

"पान्हा चोरते आहे, लबाड!"

"चोरते? मग अजून घट्ट बांध."

त्यांनी दोरी आवळली. काही नाही.

"अजून आवळ."

त्यांनी गुडघा टेकून पुन्हा आवळली. गाईच्या पायावर वळ उठला. तिच्या अंगावर शहारा आला, डोळे पांढरे झाले. सड मात्र कोरडेच राहिले.

"अजून, भिवा."

भिवरावांचा हात थांबला.

"का रे?"

"...दुखतंय तिला."

मथुआईनं हात धुतले आणि पदराला पुसले.

"आपल्या सगुणेला कितवा?"

हेच तर ते बोलणार नव्हते. सगुणा त्यांची एकुलती लेक, नदीपलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही खोऱ्याची रीत. वाड्यात बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती. डिंक आला होता, अळीव आले होते.

"सातवा... परवा मेणा पाठवला होता. रिकामा परत आला."

"निरोप असेलच काहीतरी."

निरोप भिवरावांना पाठ होता, रात्रंदिवस तोच कानांत घुमत होता.

"म्हणाली, बाबा, गेल्या खेपेला माझं आपोआप गेलं, तेव्हा माझ्या उशाशी आई होती. तानू कोष्टिणीचंही आपोआपच गेलं, पण तिच्या उशाशी तुमचे शिपाई होते. तुमच्या मुलखात मला ठेच लागायचीसुद्धा भीती वाटते..."

खोऱ्याचा धनी शेणात बसला आणि ढसाढसा रडला. मथुआईनं त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच गाठ सोडली. वळ उठला होता तिथं हलकेच चोळलं. मथुआईनं वासरू आणून लावलं आणि ढवळीच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभी राहिली. गाईनं एक लांब श्वास सोडला. मग चरवीत धार वाजू लागली.

"दवंडी मागं घेतो," भिवराव हळूच म्हणाले. "पहारा नाही, चौकशी नाही. पण आई... मग बाया औषध घेतील."

"काही जणी घेतील. आताही घेतात. चोरून घेतात आणि मरतात."

"आणि खोरं? ते भरेल?"

चरवी अर्धीच भरली होती, तरी मथुआईनं ती बाजूला ठेवली आणि वासराला पुन्हा लुचू दिलं.

वासराचं शेपूट आनंदानं हलत होतं. भिवराव बघत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

"आता कुठं जाणार?" मथुआईनं विचारलं.

"सगुणेकडे. मेणा नको, शिपाई नकोत. मी एकटा जातो."

मथुआई ढवळीच्या पायावरचा वळ चोळत राहिली.

भिवरावांनी मान खाली घातली. "...आधी तानूच्या दारी जातो. पाय धरतो तिचे."

तेव्हा कुठं म्हातारी हसली.

ते उठले. पायांतले जोडे त्यांना आत्ता दिसले. जीभ चावून त्यांनी ते काढले, काखेत मारले आणि अनवाणीच दाराकडे निघाले. उंबऱ्याशी पाय अडला.

"आई... सगुणा येईल ना हो?"

मथुआईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. गाईच्या पायांतून सोडलेली दोरी त्यांनी नकळत मुठीला गुंडाळून घेतली होती.

"ती इथंच ठेवून जा, बाळा."