तळ्यातल्या यक्षाचं कर्ज

एक होती राणी. मंजुळा तिचं नाव, वय जेमतेम सतरा. वडील गेले आणि तेराव्या दिवशी मुकुट तिच्या डोक्यावर आला. त्याच दिवशी दरबारात ओल्या पावलांनी कोण आलं? तळ्यातला यक्ष. ही एवढी हिरवी दाढी!

"तुझ्या वडिलांना एक लाख मोहरा दिल्यात," यक्ष म्हणाला. "ही मुद्दल. वर दरसाल पाच हजार व्याज."

"पण मी कुठे घेतल्या?"

"राजानं घेतल्या, राज्यासाठी. माणूस जातो, राज्य राहतं. कर्ज साऱ्या राज्याचं."

राणीनं हिशेबाच्या वह्या मागवल्या, बरं का.

पहिल्या वर्षी करातून आले वीस हजार, आणि व्याज धरून खर्च झाला पंचवीस. मधले पाच हजार कमी पडले, ती तूट. मग ते आणले यक्षाकडूनच. झालं, कर्ज वाढलं. एका वर्षाची असते ती तूट, आणि साठत जातं ते कर्ज. कळलं ना?

दुसऱ्या वर्षी व्याजही वाढलं. मग तिनं दवाखाना बंद केला. तापलेली लेकरं कडेवर घेऊन बाया दारावरून परत जायच्या. राणीला खिडकीतून दिसायचं. घास उतरेना तिला.

तिसऱ्या वर्षी प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, तांब्याच्या मोहरांना सोन्याचा मुलामा देऊ, त्यांतून खर्च भागवू."

"त्याच मोहरा बाजारात फिरतील," राणी म्हणाली. "मग त्यांना शेरभर ज्वारी तरी कोण देईल?"

आणि ती उठली, चालत विणकरांच्या आळीत गेली. तिथे भागूबाई म्हणून एक म्हातारी माग चालवत होती. राणी ओट्यावर बसली, सगळं सांगितलं, सांगता सांगता रडली.

म्हातारीनं माग थांबवला. "एवढा पैसा गेला कुठे गं?"

"बाबांनी अर्ध्याचा पाट बांधला. अर्ध्याचा आरसेमहाल."

"पाटाचं पाणी आम्ही रोज पितो. तेवढं आमचं. आरशांचं तू बघ. पण पोरी, तीन वर्षं हे एकटीनंच वाहिलंस? आम्हाला सांगायचं नाही?"

मग राणीनं आरसेमहाल विकला, पैसे यक्षाला दिले. मग गावोगावी जाऊन खरा हिशेब सांगितला. लोकांनी आपापली शिल्लक आणून दिली, तीही यक्षाला गेली. राणीनं प्रत्येकाला सहीशिक्क्याचा कागद दिला, 'पाच वर्षांनी परत, वर थोडं व्याज.' त्याला म्हणतात रोखा. कर्ज होतंच, पण आता बरंचसं घरच्याच माणसांचं, आणि व्याजही हलकं. खर्च मिळकतीत बसायला लागला. पहिला उघडला तो दवाखाना.

यक्षाचं थोडं उरलं होतं. तो हप्ता घ्यायला यायचा आणि पाहुण्यासारखा जेवून जायचा.

पाच वर्षं झाली. रांगेत सगळ्यांत पुढे भागूबाई. राणीनं स्वतः तिच्या ओंजळीत मोहरा घातल्या.

"मोजून घ्या, आजी."

"तुझ्या कसल्या मोजायच्या?"

"नाही, मोजाच."

म्हातारी तिथेच खाली बसली. एकेक मोहर सावकाश मोजली. सगळ्या होत्या.

मग काय, सगळे सुखानं राहिले. आता पांघरूण घ्या गळ्यापर्यंत, आणि मिटा बघू डोळे.