ठकूबाई सुईण आणि पोटुशी खाचर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे उंबरखोऱ्यात फोन लावायचा तर आंब्यावर चढावं लागे, त्या काळची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची सुईण होती. तिने पोटावर हात ठेवला की आडवं मूल आपसूक वळायचं, असं म्हणतात. अर्धं गाव तिच्याच हातांत जन्मलं. तिला स्वतःला मात्र ना मूल, ना वीतभर जमीन.

एकदा गावात साहेब आला. समुद्राकडून वायूचा नळ घाट चढून शहराकडे जायचा होता आणि त्याची वाट नेमकी भाताच्या खाचरांतून होती. झऱ्याचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरायचं, त्यावर अख्खं गाव जेवायचं. मधोमध पुरुषभर चर पडला की खालची खाचरं कोरडी पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गावाने हरकती घेतल्या, मोर्चा काढला, बाया चावडीपुढे ठाण मांडून बसल्या. शेवटी साहेब म्हणाला, "उभ्या पिकाला हात लावणार नाही. शेत रिकामं झालं की खोदू."

लोकांना वाटलं, जिंकलो. पेढेसुद्धा वाटले. ठकूबाई तेवढी म्हणाली, "आरं येड्यांनो, भात काय जलमभर उभं ऱ्हातंय?"

"मग काय करावं, आज्ये?"

"शेत रिकामं ठिवायचंच न्हाई."

आणि तिने नळाच्या वाटेवरच्या खाचरांत भात लावायला इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात साऱ्या गावाचे बैल, आणि शेवटी जेवण. पण जिला शेतच नाही, तिने इर्जिक घातलेली कुणी पाहिली नव्हती. त्यात थंडीचे दिवस. खाली कोकणात झऱ्याच्या पाण्यावर हिवाळी भात होतं, पण डोंगरच्या गारठ्यात ते धरत नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं. म्हातारीला चळ लागला म्हणत लोक हसले. तरी आले. जिने जगात आणलं, तिला नाही कसं म्हणणार?

उगवलं ते बोटभर, आणि तिथेच थांबलं. मग ठकूबाई रोज सकाळी चिखलावरून हात फिरवायची आणि अडलेल्या बाईला धीर द्यावा तशी बोलत बसायची. तिचा हात फिरला तिथे रोप तरारलं, असं म्हणतात.

माघ सरता सरता यंत्र आलं. साहेब भडकला. "हे कसलं पीक? लोंबी कुठाय याला? चालव रे!"

ठकूबाई खाचरात उतरून यंत्रापुढे उभी राहिली. "पोटुशी हाये ती, सायेब. पोटुशीच्या अंगणात कुदळ मारीत न्हाईत."

साहेब हसला. यंत्र चालवणारा हसला नाही. निवृत्ती त्याचं नाव, बीडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याची बायको गावी दिवसांत होती. तो खाली उतरला, बूट काढले, भाताचं एक ताट सोललं. आत कोवळी पांढरी लोंबी निघाली.

"आज्जे, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला, आणि चावी साहेबाच्या हातात ठेवली.

दुसऱ्या सकाळी सगळं खाचर निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, असं म्हणतात. ते कापेपर्यंत शेजारचं लोंबी पोटात धरून पोटरीला आलं, मग त्याच्या शेजारचं. खोदायला रिकामी जमीन सापडेचना. साहेब थकला आणि नळ घाटरस्त्याच्या कडेने गेला. हत्यार न उचलता असं भांडलेली बाई मी तरी दुसरी ऐकली नाही.

निवृत्तीची नोकरी मात्र गेली. ठकूबाईला ते लागलं. पहिलं भात पिशवीत भरून ती एसटीने त्याच्या गावी गेली आणि त्याच्या बायकोचं बाळंतपण करून आली; मुलगी झाली. ते तिचं शेवटचं बाळंतपण.

आजही उंबरखोऱ्यात हिवाळ्यात तिच्या नावाने इर्जिक होते. भात पोटरीला आलं की बाया बांधावर खण-नारळाने खाचराची ओटी भरतात आणि ट्रॅक्टरवालाही चपला काढून जातो. त्या खाचराचं पहिलं भात गावात कुणी खात नाही. ते एसटीने बीडकडे, निवृत्तीच्या लेकीच्या घरी जातं. पिशवी ज्वारीने भरून परत येते.