मिळालेलं अर्धं बोट

पाइपचं कुणाला सांगायचं नाही, अशी अक्काने मला शपथ घातली आहे. पण पाइप वगळला तर सांगण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून सांगते.

"आणि नाहीच सुटलं तर?" अक्काने गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर नाही सुटलं," दस्तगीर मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

समोर कानडे गुरुजींची मोटारसायकल उभी होती. अकरा वर्षं गोठ्यात पडून होती ती. पिस्टन आतल्या आत गंजून सिलेंडरला चिकटला होता.

माझी अक्का, गिरिजा, आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या वर्गात पहिली आली. वर्गात ती एकटीच मुलगी. पुढे शिकायचं तर गडहिंग्लजच्या दस्तगीर मिस्त्रींच्याच हाताखाली, हे तिने ठरवून टाकलं होतं. पप्पांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. मिस्त्रींनी ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मामांच्या काजू कारखान्यात पॅकिंगला.

मला सहामाहीची सुट्टी होती, म्हणून सोबतीला मला धाडलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "हे सोडव. मग बघू. हातोडा नाही, किक नाही. पिस्टन मोडला तर दुसरा मिळायचा नाही."

"आमच्या सरांनी शिकवलंय सगळं."

"मग बरंच झालं. फक्त सरांना आणू नको."

अक्काने प्लग काढला. त्या भोकातून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं. इंजिनाच्या कडेचं झाकण काढून आतल्या मॅग्नेटच्या चाकावर खडूची रेघ मारली. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकली. अशाने मागचं चाक फिरवलं की इंजिनालाच ओढ बसते. रेघ सरकली की समजायचं, पिस्टन हलला.

मंगळवारी ती ओरडली, "हललं!"

मिस्त्री जागेवरून उठलेही नाहीत.

"चेन हलली."

रेघ होती तिथेच होती.

रोज संध्याकाळी ते एकच विचारायचे.

"किती?"

"काही नाही."

"बरं."

त्या 'बरं'चा अक्काला फार राग यायचा. "म्हातारा मजा बघतोय माझी," ती घरी जाताना म्हणायची. पण मी पाहिलं होतं, ती जेवायला गेली की मिस्त्री प्लगच्या भोकात बॅटरी मारून बघायचे.

शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजला गेले. ते कोपऱ्यावरून वळले आणि अक्काने मॅग्नेटच्या नटाला पाना लावला. पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला.

"अक्का, नको..."

"गप. तू रस्त्याकडं बघ."

ती पाइपला अक्षरशः लोंबकळली.

कट् असा आवाज झाला. रेघ अर्धं बोट पुढे सरकली होती.

अक्काने माझे दोन्ही गाल ओढले. मग पुन्हा लोंबकळली. या वेळी पाइप वाकला. रेघ नाही.

मिस्त्री आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खिशात ठेवली. आधी पाइप पाहिला. मग रेघ पाहिली.

"किती?"

"अर्धं बोट." अक्काने मान ताठ ठेवली होती.

"आणि पुढं?"

"आता... हलेना."

मिस्त्रींनी रेघेवर अंगठा ठेवला.

"परत दे."

"काय परत देऊ?"

"अर्धं बोट. रेघ होती तिथं ने."

"मिस्त्री, चार दिवस घातलेत मी त्याच्यासाठी! उद्या शनिवार आहे."

"माहीत हाय."

"तेही परत दिलं तर माझ्या हातात काय राहील?"

मिस्त्रींनी ऑइलचा कॅन उचलला आणि तिच्यापुढे धरला.

अक्काच्या दोन्ही हातांत पाइप होता.

ते तसेच उभे राहिले, कॅन धरून. रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांसकट. तरी ते उभेच.

अक्काने पाइप खाली ठेवला... आणि कॅन घेतला.

मग मागच्या चाकाला दोन्ही हात घालून तिने ते उलटं ओढलं. दात आवळून. रेघ मागे आली. अगदी पहिल्या दिवशीच्या जागेवर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने ते खांद्याला पुसून टाकलं. भोकातून पुन्हा तेल सोडलं. मोकळ्या झालेल्या फटीत ते आता उतरत होतं.

"आता?"

"आता पुढं. चाकानंच."

रेघ अर्धं बोट पुढे गेली. आणि वर तांदळाच्या दाण्याएवढी.

"मिस्त्री! जास्त आलं!"

"परत दे."

अंधार पडेपर्यंत तेच चाललं. पुढे, मागे, तेल. पुढे, मागे, तेल.

शनिवारी सकाळी आम्ही गॅरेज उघडायच्या आधीच पोहोचलो. अक्काच्या तळव्यांना फोड आले होते. मी रुमाल फाडून बांधला. ती आता मिस्त्रींकडे बघत नव्हती. रेघ पुढे आली की स्वतःच पुटपुटायची, "परत." आणि मागे न्यायची. दुपारी रेघ चार बोटं येत होती. मग वीतभर.

चारच्या सुमाराला रेघ वर गेली आणि थांबलीच नाही. पूर्ण फेरा झाला. प्लगच्या भोकातून फस्स आवाज आला आणि गंजाचं लालसर डिझेल अक्काच्या तोंडावर उडालं.

तिने ते पुसलं नाही.

"सुटलं."

"हं."

"शनिवारच आहे अजून."

"हाय."

"मग पप्पांना काय सांगू?"

"सोमवारपासून इथला डबा द्या म्हणावं."

अक्का गाडीपाशीच खाली बसली. हसायचं की रडायचं ते तिचं ठरेना. मिस्त्री आत गेले. स्वतःच्या पान्यांची गुंडाळी घेऊन आले, जिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. ती त्यांनी तिच्या गुडघ्यापाशी सोडली.

"खोल."

"काय?"

"इंजिन. सगळं."

"खोलू? मिस्त्री, आता तर सुटलं!"

"सुटलं म्हणून."

अक्काने गुंडाळी उलगडली. मग तिने एक पाना उचलला. आत्ता ती पहिला नट काढते आहे. मला वाटतं, मिस्त्रींना असं म्हणायचं होतं की सुटलेलं इंजिन म्हणजे अजून चालणारं इंजिन नव्हे, आतला गंज...

"ए बारके, लिहीत काय बसलीस? ट्रे धर इकडं." अक्का हाक मारते आहे.