उजवा कौल

फार जुन्या काळी एका रानात काळ्या दगडाच्या देवाच्या कौलावर राजा ठरायचा. पुजारी कोल्हा दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली, की देवाची शक्ती राजाच्या अंगात उतरली म्हणायचं. डाव्या पाकळीला कोल्हा डिंक लावतो, हे एकट्या दगडाला ठाऊक होतं.

असाच कौल मिळून लांडगा राजा झाला. "आता मला कोण हात लावतो!" म्हणत तो वाघाला हाकलायला गेला आणि वाघाच्या पोटात गेला.

वाघ मिशा चाटत देवापाशी आला. कोल्ह्याने लगबगीने, कुणाला न दिसता, डाव्या पाकळीला डिंक लावला. "महाराज, देवाला विचारू या?"

"विचार की," वाघ गुरगुरला.

उजवी पाकळी पडली. सगळ्या रानाने लोटांगण घातलं. लांडग्याची बायको सर्वांत पुढे होती.

"अख्ख्या रानात अक्कल असलेला मी एकटाच," दगड मनाशी म्हणाला, "आणि मी तर दगड!"