कूलर आणि ओसरीतली टोपली

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, आणि बाईंचं नावही बदललं आहे.

एका गावात द्वारकाबाई नावाच्या फुलवाल्या बाई होत्या. वैशाखात त्या गावी दुपारी कुत्रंही सावली सोडत नसे, पण त्यांचा मोगरा संध्याकाळपर्यंत टवटवीत राही. त्यांच्याकडे एक वेताची टोपली होती. तिच्यावर ओलं गोणपाट टाकून ती ओसरीत वाऱ्यावर टांगायची, एवढंच त्या करत. असं का करायचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सासू तसं करायची, म्हणून त्याही करत.

एकदा सोनोने गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचं काम आलं. दोन वरमाला आणि शंभर गजरे, गोरज मुहूर्ताला. त्याच आठवड्यात धाकट्या भावाने आपला जुना कूलर आणून त्यांच्या खोलीच्या खिडकीत बसवून दिला. द्वारकाबाईंना वाटलं, आता ही कळकट टोपली कशाला हवी?

पण कूलर वापरायचा कसा? समोर भास्कररावांचं औषधांचं दुकान होतं. तिथे एसी होता आणि काचेचं दार कायम लावलेलं असे. भास्करराव म्हणाले, "दार-खिडक्या घट्ट लावून घ्या. फट राहिली की थंडी पळालीच समजा."

शेजारच्या कुसुमकाकूंकडे कूलर होता. त्या म्हणाल्या, "समोरची खिडकी उघडी ठेवा हो. नाहीतर जीव घाबरा होतो."

द्वारकाबाई गोंधळल्या. दोघांच्याही खोल्या थंडगार होत्या, म्हणजे दोघंही खरं बोलत असणार. मग एक जण लाव म्हणतो आणि दुसरी उघड म्हणते, हे कसं? शेवटी त्यांनी काचेच्या दारावर विश्वास ठेवला. कूलर खिडकीतून काढून खोलीच्या मधोमध आणला. खिडक्या लावल्या. दाराखालच्या फटीत जुनं लुगडंसुद्धा कोंबलं.

खिडक्या लावण्याआधी, द्वारकाबाई कूलर ओढत असताना, अजीज मिस्त्री सायकलवरून चालले होते. गावातले सगळे कूलर तेच दुरुस्त करत. ते थांबले. "बाई, कूलर आत काऊन घेता?"

विचारायची हीच वेळ होती. पण ओसरीवर चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत आपलं अज्ञान कशाला दाखवायचं? द्वारकाबाई म्हणाल्या, "मले समजते, मिस्त्री."

"समजते तर बरं," म्हणत मिस्त्री पुढे गेले.

गजरे ओवून झाले. साठ गजरे परातींत मावले आणि ते खोलीत ठेवले. चाळीस गजरे आणि दोन वरमाला उरल्या. नाइलाजाने त्या जुन्या टोपलीत ठेवून टोपली ओसरीत टांगली.

पहिला अर्धा तास खोली छान गार झाली. मग हवा चिकट होऊ लागली. द्वारकाबाईंनी कूलरमध्ये आणखी पाणी ओतलं. भिंतींना ओल आली. त्यांना काही सुचेना. कोपऱ्यात छोटा फ्रिज होता, त्याचं दार त्यांनी सताड उघडलं. फ्रिज घरघरू लागला आणि त्याच्या मागची काळी जाळी हाताला चटका देऊ लागली. दोन दोन थंड यंत्रं चालू, आणि खोली मात्र उकडत होती. परातीतल्या मोगऱ्याच्या कडा तपकिरी झाल्या.

चार वाजता त्या स्वतःच भर उन्हात मिस्त्रींच्या दारी गेल्या. म्हणाल्या, "मले नाही समजत."

मिस्त्रींनी येऊन आधी खिडक्या उघडल्या. मग म्हणाले, "भास्कररावचा एसी आतलीच हवा फिरवतो. तिच्यातली गरमी उचलतो अन् बाहेरच्या पेटीतून गल्लीत फेकतो. म्हणून त्याला दार बंद लागते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. ती ह्या बाजूच्या ओल्या गवताच्या ताटीतून येते, ताटीचं पाणी वाळते अन् वाळता वाळता हवेतली गरमी पिते. पण ती ओली हवा जाईन कुठं? तिले वाट द्या."

"अन् फ्रिज?"

"फ्रिज पोटातली गरमी पाठीतून सोडतो. तुम्ही त्याचं पोट अन् पाठ एकाच खोलीत मोकळी केली. तो बिचारा काय करीन?"

बोलता बोलता मिस्त्रींनी ओसरीतल्या टोपलीचं गोणपाट उचललं. आत चाळीस गजरे आणि दोन वरमाला सकाळसारख्या ताज्या होत्या. मिस्त्री हसले. "हा तर कूलरच आहे, बाई. ओलं गोणपाट अन् मोकळा वारा. तुमच्या घरी कधीचा आहे हा?"

एकवीस वर्षं ती टोपली द्वारकाबाईंच्या हातात होती.

त्या चाळीस गजरे आणि वरमाला घेऊन मांडवात गेल्या. गुरुजींच्या बायकोला म्हणाल्या, "साठ गेले, ताई. चूक माझी आहे."

ताईंनी एक गजरा मधोमध तोडला. "अर्धा अर्धा पुरेल बहुतेकींना. कोणी विचारलं तर सांगू, आमच्यात अशीच रीत आहे."

त्या संध्याकाळी नवरीनेही अर्धाच गजरा माळला. द्वारकाबाईंनी तो लांबून पाहिला, आणि घरी येऊन सगळ्यांत आधी टोपलीवरचं गोणपाट भिजवलं.

तात्पर्य: दुसऱ्याचा सल्ला खरा असला, तरी तो त्याच्या वस्तूपुरता खरा असतो. आपल्या हातातली वस्तू कशी चालते, हे आधी समजून घ्यावं. ते समजत नसेल तर विचारायला लाजू नये, आणि चार बायका बघत असल्या तरीसुद्धा... आले, आत्या, गोणपाट मीच भिजवते, तू फक्त टोपली खाली काढ.