तळपऱ्या

त्या राज्यात तळं एकच होतं आणि राज्य म्हशींचं होतं. म्हशी शिकल्यासवरलेल्या होत्या. भुताखेतांना त्यांनी केव्हाच रजा दिली होती. आज्या-पणज्यांच्या काळी माळावरच्या उंबरात म्हणे हडळ राहायची. या पिढीने त्याच उंबराखाली सभा भरवली, बुंध्याला अंगं घासून घासून झाड आडवं केलं, आणि त्यानंतर कोणाला साधा तापही आला नाही याचं केवढं कौतुक करून घेतलं! वारा कुठून कुठे वाहतो, कोणत्या गवताने दूध वाढतं, सगळं त्यांना पाठ. आमच्याकडे कोणी काही डोळे मिटून मानत नाही, असं त्या रवंथ करता करता एकमेकींना सांगायच्या. सांगताना डोळे मात्र मिटलेले असायचे.

एक काम तेवढं त्या अजून न शिकता करत होत्या, ते म्हणजे डुंबणं. ऊन चढलं की सगळा कळप तळ्यात उतरायचा, गाळात मनसोक्त लोळायचा आणि उन्हं कलली की अंगावर चिखलाचे थर घेऊन बाहेर यायचा. बांधावर उभं राहून वाळायचं, अंग झाडायचं, पोपडे तिथेच टाकायचे आणि घर गाठायचं. अशाने बांध दर वर्षी थोडा उंच व्हायचा आणि तळं थोडं खोल. डोंगरावरून जेवढी माती वाहून यायची तेवढी म्हशींच्या पाठीवर बसून बाहेर जायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

शेवंती ही त्याच कळपातली. एक शिंग वाकडं, एक कान फाटका. रूपाबद्दल तिला जन्मात कोणी चांगलं बोललं नव्हतं आणि तिनेही त्याची आशा सोडली होती. तिला डुंबायचं भारी वेड. पाण्यात नाकपुड्यांपर्यंत बुडून बसलं की शिंग वाकडं आहे की सरळ, कोण बघायला येतंय?

तर एके सकाळी काय झालं, वारा पडला होता आणि आक्का पाणी प्यायला काठावर आल्या. आक्का म्हणजे कळपातली सगळ्यांत मोठी म्हैस. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. पाणी आरशासारखं स्थिर होतं. आक्कांनी मान खाली घातली, तर तळात एक म्हैस, पाय वर, पाठ खाली, आणि पाठीला दोन पांढरेशुभ्र पंख! पंख फडफडत होते. आक्कांच्या पाठीवर बगळा येऊन बसला होता, तो गोमाशा टिपत होता, पंख सावरत होता. पण बगळे रोजच बसतात. पाठीवर काय बसलंय हे आक्कांच्या गावीही नव्हतं. त्या तशाच मागे सरल्या, आणि दुपारपर्यंत राज्यभर झालं की तळ्याच्या तळाशी पऱ्यांचं राज्य आहे, आणि त्या पऱ्या अगदी आपल्यासारख्याच दिसतात.

मग काय, काठावर ही रांग! प्रत्येकीला आपापली परी दिसू लागली. ज्यांच्या पाठीवर बगळा होता त्यांना पंखांसकट दिसली. ज्यांच्या पाठीवर नव्हता त्यांना पंखांवाचून दिसली, पण त्यांनी बाहेर येऊन पंख होते म्हणूनच सांगितलं. न सांगून कोण कमीपणा घेतो? गंमत अशी की प्रत्येकीची परी हुबेहूब तिच्यासारखी, फक्त जरा बरी.

दौलत नावाचा एक तरणा रेडा होता. डोंगरापलीकडच्या कुरणात राहून शहाणपण शिकून आलेला. आधी तो खो खो हसला. उंबर पाडायला हाच सगळ्यांच्या पुढे होता. पण एकदा तोही काठावर जाऊन वाकला आणि परतला तो गंभीर होऊन. हडळबिडळ सगळं थोतांड, म्हणाला, मी ते कधीच मानणार नाही. पण इथलं प्रकरण वेगळं आहे. इथे काहीतरी आहे. पाण्यातून कंपनं येतात, ती खुरांना जाणवतात. सगळ्यांनी लगेच खुरं टेकवून पाहिली आणि सगळ्यांना जाणवली. जुन्या म्हशी ज्याला हडळ म्हणत त्यालाच नव्या म्हशी कंपन म्हणू लागल्या, आणि मागासलेपण गेलं म्हणून निश्चिंत झाल्या.

शेवंतीही गेली काठावर. तिने वाकून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर ती बघतच राहिली. वाकडं शिंग पाण्यात लहरत होतं, ते वाकडं वाटतच नव्हतं. फाटक्या कानामागे पांढरा पंख उघडत होता. आपण इतक्या सुंदर असू शकतो? तिला रडू फुटलं. तेवढ्यात पाठीवर काहीतरी हललं, बगळा उडाला आणि परीचे पंखही उडाले. खाली उरली ती नेहमीची शेवंती, उलटी. तिला त्याच क्षणी सगळं कळलं. पण मागे रांगेत बाया उभ्या होत्या आणि मघाचं ते रूप तिला सोडवत नव्हतं. "दिसली का गं?" म्हणून कोणी विचारलं, तर शेवंती म्हणाली, दिसली. मग तिने मूग गिळले ते गिळलेच.

त्या आठवड्यात आक्कांनी डुंबणं बंद केलं. पाण्यात पाय घातला की पऱ्या फुटतात, त्यांची तोंडं वाकडी होतात, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी प्यायचं तेही काठावरून, ओठ टेकवून, एकेकीने. म्हशी उन्हात उभ्या राहू लागल्या. कातडी तडकली, गोमाशांनी उच्छाद मांडला, दूध आटलं. पण अंगावर चिखल असलेली म्हैस गावंढळ दिसते हे एकदा ठरलं, की मग कोण लोळणार? शेवंतीला जिवावर यायचं. तळ्याच्या वासानेही तिचं अंग शिवशिवायचं. त्यात पुढे एका उन्हाळ्यात तिला पारडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. या टिकलीने गाळात लोळणं कसलं ते पाहिलंच नाही. तिला काठावर दाबून धरताना शेवंतीची दमछाक व्हायची.

तळ्यात एक कासव होतं. ते पाणी न ढवळता आत-बाहेर करायचं, म्हणून त्याला मुभा होती. म्हशींनी त्याला विचारलं की बाबा, तू खाली जातोस, तिथलं सांग. कासव साधं होतं. ते म्हणालं, खाली गाळ आहे, आणि तो वाढतोय. झालं! दौलतने त्याला शिंगाने उलटं करून बांधावर टाकलं. दिवसभर ते पोट वर करून उन्हात भाजत राहिलं. संध्याकाळी सरळ केल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणालं, जे पाहिलं ते शब्दांत मावणारं नाही. कळपाला भरून आलं. त्या दिवसापासून त्याचे कासवबुवा झाले. रोज कोवळ्या पाल्याचा ढीग त्यांच्यापुढे, वर शिंगाडे. बुवा अधूनमधून मान बाहेर काढत, आत घेत, आणि त्यावर दौलतची दोन-दोन तास प्रवचनं होत.

गाळ मात्र कोणाची प्रवचनं ऐकत बसला नाही. माती येत राहिली, बाहेर न्यायला पाठी नव्हत्या. दोन-तीन उन्हाळ्यांत तळं गाळाने भरत आलं. जिथे हत्ती बुडाला असता तिथे गुडघाभर पाणी राहिलं. आता तरी डोकं ठिकाणावर येईल असं कोणालाही वाटेल. छे! काठावर आनंदीआनंद. पूर्वी पऱ्या खोल होत्या, आता बघा, केवढ्या जवळ आल्या! पाणी कमी होत नाहीये, त्या वर येताहेत. पाणी घोटभर झालं तेव्हा तर आक्कांनी पिणंही बंद केलं, कारण भेटीची वेळ आली होती आणि अशा वेळी मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. प्यायला डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायचं. ज्यांच्या पायांत बळ होतं ते जाऊन येत. बाकीचे पाल्यावरचं दव चाटत.

कासवबुवांनी एका दुपारी सगळा पाला संपवला आणि मला बोलावणं आलंय म्हणून डोंगराच्या दिशेने चालते झाले. सगळ्या राज्यात पाण्याचा अंदाज त्यांनाच होता. चिखलात त्यांच्या कवचाची फरपट उमटली होती, तिच्याभोवती म्हशींनी दगड मांडले.

टिकलीला डोंगर चढवत नव्हता. शेवंतीच्या सडात थेंब उरला नव्हता. दव मिळायचं तेवढं ती लेकीला चाटवायची. पण एके दिवशी टिकली उठलीच नाही. जीभ बाहेर, कोरडी ठक्क. नुसती आईकडे बघत राहिली.  शेवंतीने तोंडाने ढोसून ढोसून लेकीला उभं केलं आणि तळ्यावर आणलं.

तळं कसलं! परातीएवढं डबकं राहिलं होतं. त्याच्याभोवती सगळा कळप गोल करून बसला होता, माना वाकवून, एकमेकांच्या शिंगांत शिंगं अडकवून, आपापली परी शोधत. एवढ्याशा पाण्यात कोणाला अख्खी परी मिळत नव्हती. एकीला नाकपुडी, दुसरीला नुसता कान. तरी बघत होत्या.

शेवंती आक्कांपाशी गेली. म्हणाली, "आक्का, पोरीला दोन घोट घेऊ द्या. मरेल ती."

आक्कांनी वर पाहिलंही नाही. "थोडी कळ सोस गं. आता येतीलच त्या."

"कोणी येणार नाही, आक्का. तिथे कोणी नाहीच. बगळा होता तो. तुमच्याही पाठीवर होता आणि माझ्याही."

आक्का आता वळल्या. त्या थकल्या होत्या, त्यांच्याही कातडीला भेगा होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत राग अजिबात नव्हता.

"तुला माहीत होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

  शेवंतीने वाकडं शिंग पुढे केलं, दोन म्हशींच्या मधून वाट फोडली आणि टिकलीला आत ढकललं.

टिकलीने मान खाली घातली. डबक्यातून कपाळावर पांढरा ठिपका असलेली दुसरी पारडी तिच्याकडे वर येऊ लागली. तीही तेवढीच तहानलेली, तिचीही जीभ बाहेर. तोंडाला तोंड लागलं. टिकली प्यायली. खालची पारडी लहान लहान होत गेली आणि शेवटी ओला चिखल राहिला. टिकलीने तोही चाटला. मग मान वर करून फुर्रकन श्वास सोडला, आणि तिच्या अंगात धुगधुगी आलेली पाहून शेवंतीला जगातलं सगळं मिळालं.

कळप उठला. शिंगं खाली आली. पऱ्या प्यायली, पऱ्या प्यायली असा एकच गलका झाला. दौलत सगळ्यांच्या पुढे होता, नाकातून फुसफुसत. शेवंती आडवी आली, तिला त्याने खांद्याने बाजूला सारलं आणि टिकलीवर शिंगं रोखली. मारणार, एवढ्यात तो थांबला.

पाणी पोटात गेल्यावर टिकलीचे डोळे ओलावले होते. टपोरे, काळेभोर, भरलेले. त्या डोळ्यांत दौलतला एक रेडा दिसला. एवढासा, पण रुबाबदार, आणि त्याच्या पाठीला दोन पांढरे पंख फडफडत होते.

"त्या इथे आल्यात," दौलत म्हणाला. 

आक्का पुढे झाल्या, वाकल्या, बघत राहिल्या, आणि त्यांनी गुडघे टेकले. मग सगळ्यांनीच टेकले. रेटारेटी सुरू झाली, मला बघू दे, मला बघू दे. गोल पुन्हा जमला, आधीपेक्षा घट्ट, आणि शेवंती त्याच्या बाहेर राहिली. ती डोकं आपटत होती, ओरडत होती की बगळा आहे तो, तुझ्या पाठीवर बघ, दौलत, पाठीवर बघ. तिच्याकडे कोणी मान वळवली नाही. कोणीतरी टिकलीपुढे कोवळ्या पाल्याचा ढीग आणून टाकला.

टिकलीला पाला नको होता. फार दिवसांनी पोटात पाणी पडलं होतं, तिला झोप आली होती. तिने आईला एक हाक मारली, पाय दुमडून बसली, आणि तिच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या. गोलातून हळहळ उठली.

तेव्हा दौलतने पुढे होऊन, अगदी हळुवारपणे, तिला लागू नये इतक्या बेताने, आपल्या शिंगाचं टोक तिच्या पापणीखाली धरलं.